संकष्टी आणि काइसेकी

कितागावासानांनी प्रताप आगाशेला सपत्नीक जेवायला बोलावलं, ही बातमी खरं म्हणजे बोलावणारा, जाणारा आणि जाणाऱ्याची बायको एवढ्यांतच राहायला हवी होती. तशी ती राहिलीही. प्रतापने ऑफिसातून निघून दोह्यातल्या अल सद्दच्या आपल्या बिल्डिंगखाली गाडी लावेपर्यंत. तिथे अनंतराव भेटले.

आता नुसतं "काय, बरं आहे ना?" म्हणून लिफ्टमध्ये शिरता आलं असतं. पण कितागावासान म्हणजे प्रतापच्या प्रकल्पावरचे जपानी मुख्य इंजिनियर. निवृत्त होऊन आठवड्याच्या शेवटी कायमचे मायदेशी निघालेले. सगळी साइट एकत्र जेवायला बसली तरी हे आपल्या टेबलाशी एकटे डबा खायचे, आणि समोर कुणी आलं तर साधं 'बसा' म्हणायचे नाहीत. अशा माणसाने अख्ख्या प्रकल्पातून आपल्याला एकट्याला निवडून वेस्ट बेच्या हॉटेलात काइसेकीला बोलवावं आणि आपण लिफ्टमध्ये आकडे बघत उभं राहावं, हा संयम आगाशे घराण्यात कुणालाच नव्हता. प्रतापने सांगून टाकलं. काइसेकी म्हणजे काय हे त्याला स्वतःलाही दुपारीच कळलं होतं. जपान्यांचं ऋतू बघून बेतलेलं, एकामागून एक चिमुकल्या पदार्थांचं, शिस्तीतलं जेवण. पण सांगताना त्याने आवाज असा लावला, की जणू लहानपणापासून दर रविवारी घरी तेच असायचं.

अनंतराव इथल्या महाराष्ट्र मंडळाचे माजी अध्यक्ष, आणि माजी अध्यक्षाला असतात तितकी मतं आजी अध्यक्षाला कधीच नसतात. त्यातून एकदा त्यांचं विमान चुकलं होतं आणि टोकियोच्या विमानतळावर त्यांनी सबंध दिवस काढला होता. त्या दिवसापासून जपान हा विषय मंडळात त्यांच्याकडेच आहे. त्यांनी लिफ्टचं दार पायाने अडवून धरलं आणि सांगितलं, की काइसेकीचा शेफ म्हणजे साक्षात जमदग्नी. प्रत्येक पदार्थाची घटका ठरलेली असते. समोर आला की खायचा. थांबला, टाकला, मीठ मागितलं, तर तो अपमान समजतो. एका गृहस्थाला असंच अर्ध्या जेवणातून उठवलं होतं म्हणे. कोण गृहस्थ, हे विचारायच्या आत लिफ्ट कोकलायला लागली म्हणून अनंतरावांनी पाय काढला.

रात्रीच्या जेवणापर्यंत बातमी मंडळाच्या ग्रुपवर होती. प्रतापची छाती फुगली. पण आता नुसतं जेवून येऊन भागणार नव्हतं. मराठी माणूस काइसेकीला गेला आणि तिथे शोभला, असं घडायला हवं होतं.

तयारी सुरू झाली. मुलगी अंतरा युनिव्हर्सिटीतून आली की बापाला चॉपस्टिक शिकवायला बसायची. शेंगदाणे या वाटीतून त्या वाटीत. "बाबा, रिलॅक्स युअर रिस्ट," ती म्हणायची. रिस्ट रिलॅक्स केली की शेंगदाणा सोफ्याखाली जायचा आणि नाही केली तर पंख्यावर. शेवटी सोफा सरकवल्यावर जे निघालं त्यात दाण्याची आमटी झाली असती, असं प्रतापची बायको विभावरी म्हणाली. केली मात्र नाही.

बसायचा प्रश्न शेजारच्या उस्मानभाईंनी हातात घेतला. उस्मानभाई मूळचे रत्नागिरीचे, सूक वाकिफच्या बाजारात मसाल्याच्या दुकानाचं बघतात. जपानी खोलीत चटईवर टाचांवर बसावं लागतं हे ऐकून ते म्हणाले, की ही काय मोठी गोष्ट, नमाजाला आपण रोज तसेच बसतो. त्यांनी दिवाणखान्यात प्रतापला आपल्या शेजारी बसवलं. उस्मानभाई घडी घातलेल्या चादरीसारखे सहज खाली बसले. प्रताप बसला तो क्रेनने उतरवलेल्या टाकीसारखा, टप्प्याटप्प्याने. थोड्या वेळाने पायांना मुंग्या आल्या, मग मुंग्याही गेल्या आणि मग पायच गेले. उस्मानभाईंनी त्याला काखेत हात घालून उठवलं आणि 'इन्शाल्ला होईल' असं म्हणाले. पण ते ज्या स्वरात म्हणाले, त्यात सगळा भार अल्लावरच होता.

उरला शाकाहाराचा मुद्दा. कितागावासानांनी तसं आधीच कळवलं होतं, तरी प्रतापने खात्रीसाठी हॉटेलात फोन केला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, की काही काळजी करू नका सर, नो फिश, ओन्ली फिश स्टॉक. प्रताप इतकी वर्षं प्रकल्पावर काढलेला माणूस. त्याला स्टॉक म्हणजे गोदामातला माल एवढंच ठाऊक. त्याने उदारपणे सांगितलं, की तुमच्याकडे मासळीचा जो काही स्टॉक असेल तो तिथेच ठेवा, आमची हरकत नाही. मुलगी म्हणाली, थँक यू सर. विभावरी कपडे वाळत घालता घालता हे ऐकत होती. तिने येऊन फोन हातातून घेतला, त्या मुलीला बाजूला सारून थेट रेस्टॉरंटच्या मॅनेजरला गाठलं आणि माशाचं पाणीसुद्धा चालणार नाही हे नीट पटवलं. मॅनेजरचं नाव जियाद. जॉर्डनचा, अदबशीर. समुद्री शेवाळ आणि वाळवलेल्या मशरूमचं पाणी वापरू, असं त्याने कबूल केलं.

इतकं सगळं सुरळीत झाल्यावर बुधवारी सकाळी विभावरी कालनिर्णयासमोर उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, "अहो, उद्या संकष्टी आहे."

प्रतापच्या हातातला चहा हातातच राहिला. विभावरीची संकष्टी म्हणजे चंद्र बघितल्याशिवाय तोंडात अन्नाचा घास नाही, केळं-कॉफी काय ती. आणि जेवण सातचं होतं, चंद्रोदय साडेआठच्या पुढे.

त्याने दिवसभरात ऑफिसातून चार पर्याय काढले. तारीख बदलावी, तर कितागावासान निघालेच होते. विभाला बरं नाही म्हणावं, तर ती म्हणाली की मला चांगलं बरं आहे, आणि संकष्टीच्या दिवशी खोटं कशाला. या एका खेपेला उपास सोडावा, हा पर्याय त्याने वाक्य पुरं व्हायच्या आत घाईघाईने परत घेतला. चौथा घरी आल्यावर सांगितला, की तिने फक्त खाल्ल्यासारखं करावं. तेव्हा तिने त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मी येणार, बसणार, त्यांच्याशी चार शब्द बोलणार आणि चंद्र दिसला की जेवणार. यात लपवायचं काय आहे ते मला सांगा."

प्रतापच्या डोळ्यांसमोर जमदग्नी होता. पदार्थ समोर आला आहे, घटका चालली आहे आणि बायको हात जोडून बसली आहे. मंडळाचा ग्रुप. अनंतरावांचा चेहरा. तो उसासा टाकून शेजारी उस्मानभाईंच्या बायकोकडे, नफिसाभाभींकडे गेला, म्हटलं त्यांनी तरी समजवावं. नफिसाभाभी सगळं ऐकून घेऊन म्हणाल्या, "भाऊ, सांजचा उपास सोडायची वेळ म्हंजे काय, ते या शहरात कुणाला समजवावं लागतंय होय? रमजानात आख्खं दोहा घड्याळाकडे बघत बसतंय." आणि त्यांनी प्रतापला फिरनीची वाटी देऊन परत पाठवलं.

गुरुवारी दुपारी अर्धी रजा टाकून प्रताप घरी आला. मोदक झाले. विभावरीने ते स्टीलच्या डब्यात भरून घेतले, कारण चंद्राला नैवेद्य दाखवायचा होता आणि जपान्यांच्या भरवशावर ती नैवेद्य सोडणार नव्हती. प्रतापने मात्र काइसेकीला पोटात जागा असावी म्हणून सकाळपासून काहीही खाल्लं नव्हतं. म्हणजे उपास जिचा होता ती केळं आणि कॉफी घेऊन टवटवीत, आणि ज्याचा नव्हता तो अर्धमेला, असे दोघे वेस्ट बेकडे निघाले.

हॉटेलात पहिली ठेच दारातच लागली. बाहेरचं खाणं आत न्यायला बंदी. दारावरचा माणूस डब्याकडे बोट दाखवून तेवढंच एक वाक्य म्हणत होता. जियाद धावत आला. विभावरीने त्याला सांगितलं की हे खाणं नाही, चंद्र निघेपर्यंत तरी नाही. मग तिने उपासाचं सगळं समजावलं. प्रताप तोवर लॉबीतल्या झुंबराकडे तन्मयतेने बघत होता, जणू या बाईला तो ओळखत नाही. जियादने फक्त एक प्रश्न विचारला.

"तर मॅडम, तुमचा इफ्तार चंद्राला?"

"अगदी बरोबर," विभावरी म्हणाली.

खलास. त्याने डबा दोन्ही हातांनी घेतला, आपल्या काउंटरमागे ठेवला आणि दारावरच्या माणसाला अरबीत असं काही सांगितलं की तो एकदम सरळ उभा राहिला. प्रतापने झुंबर सोडलं.

आत लाकडाची, चटईची, नुसत्या शांततेची खोली होती. कितागावासान आधीच येऊन बसले होते. त्यांनी वाकून नमस्कार केला आणि चक्क म्हणाले, 'बसा'. प्रताप टप्प्याटप्प्याने बसला. पहिला पदार्थ आला. पानाएवढ्या ताटलीत तिळाचा मऊ चौकोन, वर हिरवा ठिपका. प्रतापची भूक डोळ्यांतून बाहेर यायला लागली. त्याने चॉपस्टिक उचलल्या.

आणि विभावरीने हात जोडले. आपल्या सरळ इंग्रजीत तिने सांगितलं, की तुम्ही दोघं सुरू करा, मी चंद्र उगवल्यावर खाईन, पौर्णिमेनंतरच्या चौथ्या दिवशी आमच्यात असा नेम असतो.

प्रतापने मान खाली घातली. चटईची वीण फार बारीक आहे, हे त्याच्या लक्षात आलं. कितागावासानांनी हातातल्या चॉपस्टिक खाली ठेवल्या. मग ते बोटांवर काहीतरी मोजायला लागले आणि मोजता मोजता त्यांचा तो साइटवर कधीही न हललेला चेहरा हळूहळू उलगडत गेला. ते म्हणाले, की पौर्णिमेनंतरच्या एकेका रात्रीच्या चंद्राला आमच्याकडे नाव आहे. उशीर वाढत जातो ना, म्हणून. एकाची वाट उभ्याने बघायची, पुढच्याची बसून, आणि आजचा तो निजून वाट बघायचा चंद्र. त्यांची आई हे शब्द वापरायची. तिच्यानंतर त्यांनी ते कुणाच्याच तोंडून ऐकले नव्हते.

"आगाशेसान," ते प्रतापकडे वळून म्हणाले, "आज आपण तिघंही थांबू."

प्रताप 'अवश्य' म्हणाला. दुसरं काय म्हणणार? तिळाचा चौकोन परत गेला. तो जाताना प्रतापने त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तशी नजर विमानतळावर निरोप देणाऱ्यांची असते.

आता शेफ येणार हे उघड होतं, आणि तो आला. ठेंगणा, पांढरा, भुवया दाट. अनंतरावांचा जमदग्नी भुवयांपुरता तंतोतंत होता. कितागावासान त्याच्याशी जपानीत बोलले. शेफने विभावरीकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, मग गुडघे टेकून वाकला आणि निघून गेला. जियादने अर्थ सांगितला. चंद्र येईपर्यंत स्वयंपाकघर थांबणार होतं, आणि शेफची एकच विनंती होती की चंद्र दिसल्याबरोबर त्याला कळवावं, कारण भात त्यानंतर लावायचा आहे.

मग पाणी पीत तिघे बसले. मजा अशी, की साइटवर कधी अवाक्षर न बोललेले कितागावासान त्या दीड तासात इतकं बोलले की प्रतापला भुकेचा मधूनमधून विसर पडला. विभावरी त्यांना विचारत होती, आई कुठल्या, वाट बघताना काय करायच्या, मुलांना जागं ठेवायच्या का. प्रताप वर्षानुवर्षं या माणसाबरोबर काम करत होता आणि त्यांच्या आईला चांदण्यात शेंगा सोलायची सवय होती हे त्याला आज कळत होतं. तेही बायकोकडून.

चंद्रोदयाची वेळ झाली. चंद्र दिसेना. खोलीच्या खिडकीतून दिसत होता तो शेजारचा टॉवर. जियादने मोबाइलवर दाखवलं की चंद्र उगवला आहे, त्या काचेच्या इमारतीच्या बरोबर मागे. प्रतापने आशेने सुचवलं, की ढग असले तर पंचांगातली वेळ धरून जेवतात लोक. विभावरी म्हणाली, की ढग आले तर चंद्राचा इलाज नसतो. इथे तो आलेला आहे, आपण हलत नाही.

यावर कितागावासान उठलेच. जियाद म्हणाला, स्वयंपाकघराच्या मागे नोकरांची गच्ची आहे, तिथून समुद्राची बाजू दिसते. पाहुण्यांना तिकडे नेण्याची पद्धत नाही, पण यल्ला, चला. सगळे निघाले. फक्त प्रताप निघाला नाही, कारण त्याचे पाय केव्हाच निघून गेले होते. त्याने हाताने एक पाय उचलून सरळ केला, मग दुसरा, मग भिंत धरली, आणि जपानी सरकत्या दाराला भिंत समजल्यामुळे दारासकट थोडा पुढे गेला. काइसेकीला शोभायचा जो संकल्प त्याने केला होता, तो या ठिकाणी संपला असं म्हणायला हरकत नाही. कितागावासानांनी मागे येऊन त्याच्या काखेत हात घातला. प्रकल्पाचे मुख्य इंजिनियर आणि त्यांचा इन्स्ट्रुमेंटेशनचा इंजिनियर असे एकमेकांच्या आधाराने, वाफाळलेल्या भांड्यांमधून लंगडत गच्चीवर पोचले.

गच्चीवर उकडत होतं. खाली किनाऱ्यालगतच्या कॉर्निश रस्त्याचे दिवे, पलीकडे काळा समुद्र. नेपाळी आचारी, फिलिपिनी मुली, जियाद, शेफ, सगळे हातातलं काम टाकून आलेले. आणि टॉवरच्या कडेवरून धुळीने तांबूस झालेला, एका बाजूने झिजलेला चंद्र सावकाश बाहेर आला. विभावरीने शेफकडून लाखेची एक वाटी मागून घेतली, चंद्राकडे बघून कुंडीतल्या झाडाला चार थेंब पाणी वाहिलं, डबा उघडून समोर धरला आणि डोळे मिटले. तिच्या शेजारी कितागावासान कमरेत वाकले. त्यांच्या मागे शेफ वाकला, शेफ वाकला म्हणून आचारी वाकले. जियादने छातीवर हात ठेवला.

प्रताप मोरीच्या पाइपाला धरून उभा होता. ही बाई काय करेल या धास्तीने काल रात्रभर आपल्याला झोप नव्हती, हे त्याला आठवलं आणि ते त्याला दुसऱ्याच कुणाचं तरी वाटलं. तिने आवाज चढवला नव्हता, माफी मागितली नव्हती, काही लपवलं नव्हतं, आणि एक अख्खं स्वयंपाकघर तिच्याबरोबर आकाशाकडे बघत होतं. आपण हिच्याबरोबर आलो आहोत, असं त्याला सगळ्यांना सांगावंसं वाटलं. पण ते सगळ्यांना दिसतच होतं.

मग जेवण झालं. एकेक पदार्थ येत गेला, भात शेवटी, गरम. प्रतापला त्यातलं निम्मं काय होतं ते कळलं नाही आणि सगळं आवडलं. चॉपस्टिकमधून एक गोल फळ निसटून चटईवर गेलं, ते कितागावासानांनी पाहिलं नाही असं केलं.

गोडाच्या वेळी शेफ स्वतः आला. त्याच्या हातात काळ्या ताटल्या होत्या, आणि प्रत्येक ताटलीत मधोमध एकेक मोदक, शेजारी एकच पिवळं पान. डब्यातले. विभावरीने गच्चीवर त्याला दिले होते. शेफ खाली बसला. त्याने एक मोदक उचलून दिव्यासमोर फिरवला, बोटाच्या टोकाने एकेक कळी मोजत गेला आणि काहीतरी विचारलं. कितागावासानांनी भाषांतर केलं, की या कळ्या कुणाच्या हातच्या आहेत हे शेफना जाणून घ्यायचं आहे. एवढ्या सारख्या, एवढ्या बारीक, साचा नाही.

प्रतापने विभावरीला डोळ्याने खूण केली. ती तिने पाहिली आणि बाजूला ठेवली.

"ह्यांच्या," ती म्हणाली.

आता हे सांगायलाच हवं. उकड आणि सारण विभावरीचं, पण तिच्या हाताने पारी फाटते. लग्नानंतरच्या पहिल्याच गणपतीत प्रतापने सहज हात लावला आणि त्याच्या बोटांतून अशा कळ्या निघाल्या, की तेव्हापासून घरातले मोदक तोच वळतो. पण दाराला कडी लावून. मंडळाच्या गणपतीत सगळे 'विभावहिनींच्या कळ्या' म्हणून वाहवा करतात, अनंतराव दोन जास्त घेतात, आणि प्रताप कोपऱ्यात मुकाट उभा असतो. एवढा इंजिनियर माणूस घरी बसून मोदक वळतो, हे बाहेर जाऊ नये म्हणून त्याने बायकोला शपथ घातलेली होती.

शेफने प्रतापकडे पाहिलं. त्या भुवयांखालून पाहिलं. मग दोन्ही तळहात चटईवर टेकून कपाळ त्यांच्यावर टेकवलं. कितागावासान म्हणाले, "एवढी वर्षं तुम्ही मला सांगितलं नाहीत." प्रताप म्हणाला, की विषय निघाला नाही.

थोड्या वेळाने तो शेफच्या ओट्याशी उभा होता, बाह्या दुमडून, अंगात त्यांचा एप्रन. तांदळाच्या पिठाची उकड शेफकडे तयार होती, त्यांच्याकडेही त्याचे गोळे करतात. सारणाच्या जागी गोड घेवड्याचं वाटण निघालं. विभावरी म्हणाली, पुरणाचेही करतात की, चालेल. प्रतापने पारी केली, अंगठा आत, दोन बोटं बाहेर, कळी, कळी, कळी, मग सगळ्या एकत्र आणून नाक. ओट्याभोवतालचे आचारी पुढे सरकले. पाय दुखत होते ते त्याच्या ध्यानातही नव्हतं.

शेफने पारी हातात घेतली. कळ्या पाडता पाडता ती कडेला उलली आणि वाटण बाहेर आलं. आचाऱ्यांनी पटकन दुसरीकडे पाहिलं.

"असू द्या," प्रताप मराठीत म्हणाला, आणि मराठीत म्हणाला हे त्याच्या लक्षात आलं नाही. "पहिला सगळ्यांचा फुटतो. हात ओला करा."

शेफने हात ओला केला. दुसरा जमला. जरा वाकडा, नाक डावीकडे, पण उभा राहिला. प्रतापने तो तपासला, फिरवला आणि त्याला पास केलं.

विभावरी दाराशी उभी राहून हे सगळं फोनवर चित्रित करत होती. तिने फोन खाली घेतला. मंडळाच्या ग्रुपवर टाकू का, तिने विचारलं, आणि त्याच्या 'नाही'ची वाट बघत राहिली.

प्रतापने एप्रनला हात पुसले. क्षणभर विचार केला.

"टाक," तो म्हणाला. "फक्त शेफचा फुटलेला तेवढा काप. त्याच्या हाताखालच्यांनी पाहिला तेवढं पुरे."